गुदाशयाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर दिवसात पंधरा वेळा शौचाला: काय तपासायचं, काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे. गुदाशयाचा कर्करोग. आधी पाच आठवडे रेडिएशन आणि सोबत केमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन करून गुदाशय काढला आणि मोठं आतडं खाली गुदद्वाराजवळ जोडलं. पोटावरची तात्पुरती पिशवी बंद करून चार महिने झाले. दिवसाला १२ ते १५ वेळा शौचाला जावं लागतं, त्यातही एकदा सुरू झालं की तासाभरात चार-पाच खेपा. लागली की थांबता येत नाही, गॅस आवरत नाही, आठवड्यातून एकदोनदा कपडे खराब होतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज चालू आहे. लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) दिली की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी दुप्पट त्रास. घराबाहेर पडणं बंद झालंय. डॉक्टर म्हणतात वेळ द्या. आणखी काही करता येईल का?

उत्तर: बरंच काही करता येईल, आणि त्याचा धागा तुमच्याच वर्णनात आहे. लोपेरामाइडने दोन दिवस बरं आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या.

‘सारखं जावं लागतं’ या एकाच तक्रारीमागे दोन उलट कारणं असू शकतात. एकात मल पातळ असतो, भराभर खाली येतो आणि साठवायला जागा नसल्यामुळे आला तसा बाहेर पडतो. दुसऱ्यात मल फारसा पातळ नसतो, पण एका बैठकीत पोट साफ होत नाही. थोडं होतं, बाकीचं मागे राहतं, दहा मिनिटांनी ते खाली सरकतं आणि पुन्हा घाई होते. पहिल्या प्रकारात आतडं मंद करणारं औषध उपयोगी पडतं. दुसऱ्यात तेच औषध दिलं तर मागचा साठा वाढत जातो आणि तो निघायला लागला की दिवसभर संडासातून सुटका नाही. बहुतेक रुग्णांत दोन्ही थोडंथोडं असतं. तुमच्या वडिलांच्या वर्णनात दुसऱ्याचा वाटा मोठा दिसतो, म्हणून नुसत्या लोपेरामाइडवर भर देऊन चालणार नाही.

हे असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचे उपाय का सांगितले ते कळेल. गुदाशय साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा. मल आला की तो सैल होऊन साठवतो, आणि वेळ आली की एकदम रिकामा होतो. तो काढल्यावर त्याच्या जागी डाव्या बाजूचं मोठं आतडं खाली ओढून जोडतात. हे आतडं अरुंद असतं, तितकं ताणत नाही, आणि पुढे ढकलणाऱ्या त्याच्या लाटा चालूच राहतात. रेडिएशनमुळे आजूबाजूचा भाग कडक होतो. गुदद्वार आपोआप बंद ठेवणारा आतला स्नायू ऑपरेशनमध्ये आणि रेडिएशनने कमजोर होतो. शिवाय आत आलंय ते गॅस आहे, पातळ आहे की घट्ट, हे ओळखणारी संवेदना मंदावते. म्हणून ‘गॅस सोडायला गेलो आणि कपडे खराब झाले’ हे होतं. यात वडिलांचा हलगर्जीपणा नाही. ही गोष्ट घरात सगळ्यांना एकदा स्पष्ट सांगून टाका.

या सगळ्या त्रासाला मिळून लो अँटिरियर रिसेक्शन सिंड्रोम, म्हणजे लार्स म्हणतात. गुदाशय काढून आतडं जोडलेल्यांपैकी दहातल्या साधारण चौघांना तो तीव्र स्वरूपात होतो. जोड जितका खाली तितका त्रास जास्त, रेडिएशन झालं असेल तर आणखी जास्त, आणि जोडातून गळती झाली असेल किंवा पिशवी खूप महिने राहिली असेल तर त्यात भर.

२०१२ साली डेन्मार्कमध्ये यासाठी पाच प्रश्नांची एक गुणपट्टी तयार झाली. ० ते ४२ गुण. २० पर्यंत त्रास नाही, २१ ते २९ सौम्य, ३० आणि त्यापुढे तीव्र. त्यातली गुणांची वाटणी पाहण्यासारखी आहे. घाई होऊन धावत जावं लागणं याला जास्तीत जास्त १६ गुण, तासाभरात पुन्हा जावं लागणं याला ११, गॅस न आवरण्याला ७, पातळ मल गळण्याला ३. आणि दिवसात सातपेक्षा जास्त वेळा जाण्याला फक्त ४! उलट दिवसातून एकदाही न होण्याला ५ आहेत. हे गुण रुग्णांच्या जगण्यावर कशाचा किती परिणाम होतो हे पाहून ठरवलेले आहेत. वडिलांचे गुण तुमच्या वर्णनावरून ४१ भरतात. म्हणजे त्रास तीव्र आहे, आणि तो मुख्यतः घाईचा आणि लागोपाठच्या खेपांचा आहे. १५ च्या जागी ८ खेपा झाल्या पण धावपळ तशीच राहिली तर त्यांच्या दृष्टीने काही सुधारलं नाही. सकाळी पाऊण तासात चार खेपा होऊन पुढचे सहा तास मोकळे मिळाले, तर पुष्कळ सुधारलं.

‘वेळ द्या’ हा सल्ला अर्धा बरोबर आहे. पहिल्या वर्ष-दीड वर्षात आतडं हळूहळू जुळवून घेतं, त्यानंतर आपोआप होणारी सुधारणा मंदावते. पण हा काळ नुसता वाट पाहण्यात घालवायचा नसतो.

सुरुवात तपासणीपासून करा. सर्जनना जोड बोटाने आणि गरज वाटल्यास दुर्बिणीने तपासायला सांगा. जोडाची जागा कधी कधी आकसते. मग मल बारीक, फितीसारखा होतो, जोर करावा लागतो आणि साठलेल्याच्या कडेने पातळ झिरपत राहतं. घरच्यांना ते जुलाब वाटतात. अशा वेळी लोपेरामाइड आणि इसबगोल दोन्ही घातक ठरू शकतात. जोड रुंद करून घेणं हाच उपाय, आणि तो सहसा सोपा असतो. जोडाजवळ जुनी गळती राहून पू साठला असेल तर तेही याच तपासणीत लक्षात येतं.

दुसरं, औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा. मेटफॉर्मिनने पुष्कळांना पातळ होतं. व्होग्लिबोज तर पिष्ट पदार्थ अर्धवट पचू देऊनच काम करतं. ते पुढे मोठ्या आतड्यात जाऊन कुजतात, गॅस आणि घाई वाढवतात. गुदाशय शाबूत असलेल्या माणसाला हे खपून जातं, वडिलांना नाही. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, साखर वाढेल. मधुमेहाच्या डॉक्टरांना परिस्थिती सांगून मेटफॉर्मिन हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात देता येईल का आणि व्होग्लिबोजला पर्याय आहे का, हे विचारा. मॅग्नेशियम असलेली ॲसिडिटीची औषधं, शुगर-फ्री सिरप आणि गोळ्यांमधलं सॉर्बिटॉल, नुकताच झालेला अँटिबायोटिकचा कोर्स हेही पाहा. केमो अजून चालू असेल आणि पातळ जुलाब वाढले असतील तर तो वेगळा विषय आहे. घरी उपाय करत न बसता त्याच दिवशी केमोच्या डॉक्टरांना कळवा.

तिसरं, लहान आतड्याचा शेवटचा भाग. पिशवी याच भागातून काढलेली असते आणि रेडिएशनची झळही त्याला लागते. पित्तातले क्षार तिथे शोषले गेले नाहीत तर ते मोठ्या आतड्यात उतरून पिवळसर, पाण्यासारखे, जळजळणारे जुलाब होतात. त्यासाठी कोलेस्टिरामाइनची पूड असते. ती इतर औषधांना धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार तासांनंतर घ्यायच्या. पोट फुगणं फार असेल तर लहान आतड्यात जंतूंची वाढ झाली आहे का, हेही डॉक्टर पाहतात. बी-१२ तपासून घ्या. आतड्याचा हा भाग आणि मेटफॉर्मिन, दोन्ही ते कमी करतात.

आणि हे लार्सच्या खात्यात कधीच टाकू नका: मलातून रक्त, ताप, वजन उतरणं, माकडहाडाजवळ नवं आणि वाढत जाणारं दुखणं, उलट्यांसह पोटात मुरडा, किंवा नीट बसलेली घडी अचानक बिघडणं. रक्त म्हणजे रेडिएशनचा परिणाम असेल असं परस्पर गृहीत धरायचं नाही, दुर्बिणीने पाहायचं.

आता रोजचं. एक आठवडा वहीत नोंद ठेवा: वेळ, किती झालं, पातळ की घट्ट, लागल्यापासून किती थांबता आलं, आधी काय खाल्लं, कोणती गोळी घेतली. रात्री झोपेतून उठून भरपूर आणि पाण्यासारखं होत असेल तर पहिला प्रकार. तासाभरात चार वेळा, दर वेळी लिंबाएवढं किंवा त्याहून कमी, आणि ‘अजून आहे’ ही भावना असेल तर दुसरा. नंतर जो बदल कराल तो एका वेळी एकच, आणि त्याला निदान दहा दिवस द्या. इसबगोल, नवी गोळी आणि दूध बंद हे एकाच सोमवारी सुरू केलं तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

वडिलांच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आधी सकाळी पोट रिकामं करायचं, मग आतडं मंद करायचं. खाल्ल्यावर, विशेषतः सकाळी, मोठ्या आतड्याची लाट जोरात येते. तिचाच उपयोग करून घ्यायचा. उठल्यावर गरम पाणी किंवा चहा, मग व्यवस्थित नाश्ता, आणि २० ते ३० मिनिटांनी शौचाला बसायचं, लागली असो वा नसो. कमोडवर बसताना पायाखाली १५-२० सेंटिमीटर उंचीचं स्टूल, कोपरं गुडघ्यांवर, पाठ सरळ ठेवून पुढे झुकलेलं, तोंड किंचित उघडं. पोट आत ओढून कुंथायचं नाही. पोट पुढे फुगू द्यायचं आणि खाली सैल सोडायचं. दहा मिनिटं झाली की उठायचं. घरात पाच-सात मिनिटं चालायचं आणि पुन्हा एकदा बसायचं. तासभर बसून राहिल्याने पोट साफ होत नाही, फक्त गुदद्वार सुजतं.

एवढ्याने साफ होत नसेल तर सर्जनना विचारून ग्लिसरिनची कांडी वापरता येते. पाण्यात ओली करून बोटाच्या एका पेराएवढी आत सरकवायची, १५ मिनिटं थांबायचं, मग बसायचं. जोड फार खाली असेल तर आत जोर लावायचा नाही. दुकानात मिळणारा फॉस्फेटचा एनिमा मात्र रोजचा उपाय नव्हे. वय झालेल्यांत आणि किडनी कमजोर असलेल्यांत त्यातलं फॉस्फेट रक्तात वाढून धोका होतो.

पोट रिकामं झाल्यावर, आणि बाहेर जायचं असेल तर, लोपेरामाइडची जागा येते. २ मिलिग्रॅमची एक गोळी पुरते, काहींना अर्धीही. कॅप्सूल अर्धी होत नाही, म्हणून गोळीच मागा. मल पातळ असलेल्यांनी ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, म्हणजे जेवणानंतरची लाट येईपर्यंत तिचा परिणाम सुरू झालेला असतो. पुष्कळ जण ती जुलाब झाल्यावर घेतात, तेव्हा उशीर झालेला असतो. रात्री उठावं लागत असेल तर झोपताना एक. मात्रा दोन-तीन दिवसांनी अर्ध्या-एका गोळीने वाढवायची. दिवसाला १६ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे आणि तिच्या जवळपासही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जायचं नाही. जास्त मात्रेने हृदयाचे ठोके बिघडतात. हृदयाची औषधं चालू असतील तर आधी विचारा. ताप असताना, रक्त पडत असताना किंवा पोट फुगून गॅसही सरत नसताना ही गोळी घ्यायची नाही.

मल कसा हवा? पिकल्या केळ्यासारखा: मऊ, पण आकार धरणारा. पातळ मल कमजोर स्नायूतून गळतो, आणि गोट्यांसारखा कडक मल अरुंद आतड्यातून एकदम निघत नाही. इथे इसबगोलचा उपयोग होतो, पण घेण्याची पद्धत महत्त्वाची. बद्धकोष्ठासाठी ते रात्री मोठ्या पेल्यात घेतात. मल बांधून यावा म्हणून घ्यायचं असेल तर अर्धा कप पाण्यात किंवा पातळ ताकात, जेवणाच्या आसपास. सुरुवात अर्ध्या चहाच्या चमच्याने, चार-पाच दिवसांनी पाऊण, मग एक, असं सकाळ-संध्याकाळ एकेका चमच्यापर्यंत. एकदम दोन चमचे सुरू केले की गॅस आणि फुगारा होऊन लोक ते कायमचं सोडून देतात. कोरडं कधीच फाकायचं नाही, घशात अडकतं. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

जेवणाबद्दल घरोघरी एकच चूक होते: घाबरून खाणंच कमी करायचं. उपाशी राहिल्याने आतडं शांत होत नाही. दिवसभर थोडंथोडं चरत राहिलं की दर वेळी लाट येते, आणि वजन उतरतं ते वेगळंच. तीन ठरावीक वेळा जेवण, रात्रीचं सातच्या सुमारास आणि हलकं. सुरुवातीचे काही आठवडे मऊ भात, मुगाचं वरण, साबुदाणा, बटाटा, सोललेलं शिजवलेलं सफरचंद, केळं, ताजं दही, उकडलेलं अंडं किंवा मासा यावर राहायला हरकत नाही. मधुमेह आहे म्हणून भात, बटाटा, साबुदाणा यांचं प्रमाण साखर बघून ठरवा. गव्हाचा कोंडा, कच्च्या कोशिंबिरी, मक्याचे दाणे, सालासकट कडधान्यं, छोले, वाटाणा, कोबी, फ्लॉवर हे सध्या बाजूला. मटकीच्या उसळीऐवजी मुगाची डाळ. कांदा-लसूण गॅस करतात. फोडणीच्या तेलात लसणाची पाकळी परतून काढून टाकली तर चव राहते आणि त्रास कमी होतो. तिखटाने गुदद्वाराशी आग होते आणि घाईही वाढते. झणझणीत रश्श्याऐवजी ओल्या खोबऱ्याचं, हळद-धण्याचं वाटण करून पाहा. सकाळच्या दुधाच्या चहाचं काय करायचं ते नोंदवहीवरून ठरवा: दहा दिवस बिनदुधाचा घेऊन फरक पडतो का पाहा. दूध सोसत नसेल तरी दही-ताक पुष्कळांना चालतं. एकेक पदार्थ कायमचा बंद करत जाऊ नका. दीड महिन्याने एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात परत आणा, भाकरीसकट. पाणी कमी करणं हाही गैरसमज आहे, मूत्रपिंडावर ताण येतो. फक्त जेवताना तांब्याभर पिण्याऐवजी दोन जेवणांच्या मधे प्या.

व्यायाम. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे. गॅस आवरताना जे आत-वर ओढलं जातं तेवढंच ओढायचं. मांड्या, नितंब, पोट हलता कामा नये, श्वास चालू. पाच सेकंद धरा, दहा सेकंद पूर्ण सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पंधरा दिवसांत धरण्याचा वेळ दहा सेकंदांपर्यंत न्या आणि शेवटी दहा झटपट आकुंचनं जोडा. तीन महिने नेमाने करून पाहण्याआधीच ‘उपयोग नाही’ असं म्हणू नका. ज्यांचं पोट साफ होत नाही त्यांच्यापैकी काही जण बसल्यावर सैल सोडण्याऐवजी नकळत आवळतात. त्यांना नुसतं आवळण्याचे व्यायाम दिले तर त्रास वाढतो. म्हणून पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला एकदा तरी दाखवा. बायोफीडबॅकच्या यंत्रावर काय आवळलं जातंय आणि काय सुटतंय ते पडद्यावर दिसतं.

घाई आली की धावायचं नाही. धावताना पोटावर दाब येतो आणि खालचा आवळ सुटतो. जागीच उभं राहा किंवा बसा, पाच-सहा वेळा पटापट आवळा, संथ श्वास घ्या. लाट एखाद्या मिनिटात ओसरते, मग चालत जा. हा सराव आधी कमोडवर बसूनच करायचा, म्हणजे फसला तरी काही बिघडत नाही. एक मिनिट, मग दोन, मग पाच. गॅस सध्या फक्त संडासात बसूनच सोडायचा.

हे दोन-तीन महिने नीट करूनही गाडी अडली तर त्यापुढचा उपाय म्हणजे गुदद्वारातून पाण्याने आतडं धुणं. खेपांचा त्रास मुख्य असलेल्यांना याचा फायदा पुष्कळ होतो, आणि आपल्याकडे तो फार थोड्यांना सांगितला जातो. सर्जननी जोड पूर्ण भरलाय, आकसलेला नाही असं तपासून सांगितल्यावरच सुरू करायचं, सहसा ऑपरेशननंतर तीन महिन्यांआधी नाही. पहिल्या खेपा स्टोमा नर्सच्या समोर. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. इतर मोठ्या कर्करोग रुग्णालयांतही विचारा. पिशवीची काळजी शिकवणाऱ्या नर्सनाच हे येतं.

साहित्य म्हणजे पाण्याची पिशवी, नळीवर पाणी कमी-जास्त करायची चकती आणि टोकाला मऊ शंकू. फुगा असलेल्या नळीपेक्षा खाली जोड असलेल्यांना शंकू बरा, कारण तो आत खोल जात नाही. पाणी पिण्यालायक आणि अंगाइतकं कोमट, ३६ ते ३८ अंश; मनगटावर ओतलं तर गरमही नाही, गारही नाही असं. पिशवी कमोडवर बसल्यावर खांद्याच्या उंचीवर टांगायची. आधी थोडं पाणी बाहेर सोडून नळीतली हवा काढायची, नाहीतर कळ येते. शंकूला जेल लावून फक्त पाणी बाहेर येणार नाही इतकाच टेकवायचा. पहिल्या दिवशी २५० ते ३०० मिलिलिटर, संथपणे, पाचेक मिनिटांत. कळ आली की चकती बंद करायची, श्वास घ्यायचा, ओसरली की पुन्हा. कळ येण्याची कारणं बहुधा दोनच: पाणी गार किंवा वेग जास्त. मग शंकू काढून १५ ते ३० मिनिटं रिकामं होऊ द्यायचं. मात्रा आठवड्याभरात ५०० ते ७५० पर्यंत न्यायची; एक लिटरच्या वर नाही. पहिले दोन आठवडे रोज एकाच वेळी, नाश्त्यानंतर. घडी बसली की दिवसाआड. नीट जमायला दीड-दोन महिने लागतात. नंतर थोडं पाणी झिरपतं, तेवढ्यासाठी तासभर पॅड लावावं.

आतडं फाटण्याचा धोका अतिशय कमी, पण आहे. तीव्र पोटदुखी, ताप किंवा भळभळ रक्त दिसलं तर तात्काळ रुग्णालय. याच कारणासाठी पंचकर्मातली बस्ती किंवा खासगी केंद्रांतलं ‘कोलन क्लिन्झिंग’ सर्जनना विचारल्याशिवाय करू नका. जोड कुठे आहे आणि किती नाजूक आहे हे तिथे कुणाला ठाऊक नसतं.

त्वचेकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. पुसण्याऐवजी कोमट पाण्याने धुवा, साबण आणि सुगंधी वाइप्स नकोत, मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. पूर्ण कोरडं झाल्यावर झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरात लावा. दर वेळी ते खरवडून काढायची गरज नाही, वरची घाण धुऊन पुन्हा हात फिरवायचा. आग होत असेल तर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसवा. पांढरट बुरशी किंवा लाल पुरळ दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, झिंकने ते जात नाही.

बाहेर पडणं लगेच सुरू करा, सगळं बरं होईपर्यंत थांबू नका. सकाळचं उरकल्यावर, लोपेरामाइड घेऊन, आधी अर्ध्या तासाचा फेरफटका, ओळखीच्या रस्त्याने, मधे कुणाचं तरी घर असेल असा. पिशवीत एक पॅड, एक अंतर्वस्त्र, पाण्याची छोटी बाटली, मलम, झिप लावायची प्लास्टिकची पिशवी. मोठ्या डायपरपेक्षा बायकांचा पातळ पॅड पुरुषांनाही सोयीचा पडतो, पँटवरून दिसत नाही. एसटीपेक्षा रेल्वेचा प्रवास बरा, डब्यात सोय असते. घरात एकच संडास असेल किंवा चाळीत सामायिक असेल तर कमोडची खुर्ची आणून खोलीत पडद्याआड ठेवा. रांगेची धास्ती गेली की घाईही कमी होते, हे पुष्कळांच्या बाबतीत दिसतं. लघवीच्या आणि लैंगिक संबंधांच्या नसाही याच भागातून जातात. त्याबद्दल वडील मुलांशी बोलणार नाहीत, म्हणून डॉक्टरांशी त्यांना एकट्याने बोलू द्या.

वर्ष उलटूनही गुण तिशीच्या वर राहिले तर पुढचे मार्ग आहेत. घोट्याजवळच्या नसेला आठवड्यातून एकदा अर्धा तास असे बारा आठवडे सौम्य विद्युत झटके देतात. यात धोका जवळजवळ नाही, फायदा मध्यम. कमरेच्या खालच्या नसेला वायर लावून आधी काही दिवस चाचणी घेतात आणि फरक पडला तरच नितंबात बॅटरी बसवतात. ते महाग आहे आणि मोजक्या ठिकाणी होतं.

आणि शेवटचा पर्याय कायमची कोलोस्टोमी, म्हणजे पोटावर कायमची पिशवी. तिला हार समजू नका. ही पिशवी मोठ्या आतड्याची असते, त्यामुळे येणारा मल बांधलेला असतो आणि वडिलांनी वापरलेल्या पातळ मलाच्या पिशवीपेक्षा ती सांभाळायला पुष्कळ सोपी जाते. काही जण पाण्याने धुऊन दिवसाआड एकदाच रिकामी करतात. दोन वर्षं सगळं करूनही जो माणूस संडासाच्या दारापलीकडे जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी हा रास्त निर्णय असू शकतो. तो वडिलांनी घ्यायचा आहे. आत्ता, चार महिन्यांवर, त्याचा विचार करण्याची वेळ नाही. आत्ता सात दिवसांची वही आणि गोळ्यांची यादी घेऊन सर्जनची वेळ घ्या, आणि जोड बोटाने तपासल्याशिवाय परत येऊ नका.